११.३ की ११.५४? भाड्याच्या टायमिंग गेटची पारख

पोलीस शिपाई भरतीच्या ग्राउंडला मुलांच्या १०० मीटरमध्ये ११.५० सेकंदांच्या आत आलं की १५ पैकी १५ गुण. त्याच्यापुढे गेलं की सरळ १२. मुलींसाठी हीच रेघ १४ सेकंदांवर आहे. सेकंदाच्या शंभराव्या भागाने तीन गुण जातात. आणि सरावात हा शंभरावा भाग मोजायला गावोगावच्या अकॅडमीत असतं काय, तर सरांच्या गळ्यातलं स्टॉपवॉच आणि एक शिट्टी.

स्टॉपवॉचचा घोळ आधी समजून घ्यावा लागतो, नाहीतर टायमिंग गेटवर, म्हणजे किरण तुटला की वेळ नोंदणाऱ्या यंत्रावर, पैसे का घालवायचे हे कळणार नाही. शर्यतीची वेळ हाताने काढली की ती यंत्रापेक्षा कमी येते. १०० मीटरसाठी हा फरक ०.२४ सेकंद धरायची रीत आहे. हाताने ११.३ म्हणजे यंत्राने ११.५४. पोरगा वर्षभर ‘आपण साडेअकराच्या आत आहोत’ म्हणून निर्धास्त, आणि भरतीच्या दिवशी यंत्र लागलं की तीन गुण कमी. बरं, हे ०.२४ तरी कधी? वेळ घेणारा पिस्तुलाचा धूर किंवा झेंडी बघून बटण दाबत असेल तेव्हा. आपल्याकडे एक जण सुरुवातीला शिट्टी मारतो आणि सर शंभर मीटरवर शेवटच्या रेघेपाशी उभे असतात. आवाजाला तेवढं अंतर कापायला साधारण ०.२९ सेकंद लागतात. पोरगा पळत सुटलेला असतो आणि शिट्टी सरांच्या कानापर्यंत अजून पोचलेलीही नसते. त्यात शेवटी पोरगा जवळ येताना दिसतो म्हणून अंगठा जरा आधीच दाबला जातो. सगळं एकाच दिशेला चुकतं, त्यामुळे अर्धा सेकंद फुकटात मिळाला तरी नवल नाही. गेट परवडत नसेल त्यांनी निदान शिट्टीबरोबर हात वर करून रुमाल खाली झटकावा, आणि सरांनी कान सोडून रुमालावर नजर ठेवावी. एवढ्याने निम्मा घोळ मिटतो, आणि खर्च शून्य.

आता मूळ विषय. इथे पारख केली आहे ती बीड, लातूर, परभणी या पट्ट्यात फोन केला की सकाळी ग्राउंडवर येणाऱ्या एका भाड्याच्या सेवेची. नाव देत नाही, कारण दोष सांगायचे आहेत आणि यातले बरेचसे दोष अशा कुठल्याही सेवेत निघू शकतात. संचात चार जोड्या गेट, म्हणजे एका बाजूला किरण सोडणारं-पकडणारं डोकं आणि समोर परावर्तक, सगळे तिपाईवर. सोबत हातात धरायचं यंत्र आणि एक माणूस. किरण तुटला की वेळ नोंदली जाते, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. भाडं दिवसाचं असतं, माणशी नसतं, त्यामुळे तीस-चाळीस पोरांची अकॅडमी असेल तर वाटून घेतल्यावर अंगावर येत नाही. पाच पोरांनी मिळून बोलवायचा हा प्रकार नव्हे.

माणूस वेळेवर येतो, बॅटऱ्या भरलेल्या आणतो, मांडायला अर्धा तास घेतो. यंत्र चांगलं आहे. कमी पडतं ते मांडण्यात आणि आकडे वाचून दाखवण्यात.

पहिली गोष्ट सुरुवातीची. हा माणूस पहिलं गेट सुरुवातीच्या रेघेवर लावतो आणि पोरांना अर्धा मीटर मागे उभं करतो. किरण तुटला की घड्याळ सुरू. यात शिट्टी ऐकून हलायला लागणारा वेळ मोजलाच जात नाही, आणि रेघ ओलांडताना अंग आधीच पुढे निघालेलं असतं. अशी काढलेली वेळ आवाजावर सुटलेल्या वेळेपेक्षा पाव सेकंदाने किंवा त्याहूनही जास्तीने चांगली दिसते. म्हणजे स्टॉपवॉचच्या फसवणुकीतून सुटायला पैसे मोजले आणि दुसऱ्या फसवणुकीत पडलो. याच संचात आवाज ओळखून घड्याळ सुरू करणारा छोटा मायक्रोफोन आहे. तो सुरुवातीच्या रेघेपाशी ठेवला की शिट्टीबरोबर वेळ चालू होते आणि भरतीसारखा आकडा मिळतो. पण तो मागितल्याशिवाय पेटीतून बाहेर येत नाही. बुकिंग करतानाच सांगून ठेवा: ‘शंभरला आवाजावर सुरुवात हवी.’ गेटची सुरुवात ठेवा फक्त एकाच पोराची आजची वेळ त्याच्याच मागच्या महिन्याच्या वेळेशी ताडायला, तीही दर वेळी मागचं अंतर टेपने मोजून. एकदा ३० सेंटिमीटर आणि एकदा ७० केलं तर तुलनाच संपली.

दुसरी गोष्ट गेटच्या उंचीची. किरण एकच असेल तर तो कमरेच्या पातळीवर, साधारण एक मीटरवर हवा. खाली लावला तर उचललेला गुडघा किंवा पुढे आलेली मूठ तो आधी तोडते आणि धड मागून येतं. दोन-तीन शतांश तिथेच हलतात. उंच पोरगा आणि बुटकी पोरगी एकाच उंचीवर धावत असतील तर दोघांचे आकडे एकमेकांशी लावू नका. वर-खाली दोन किरण असलेलं गेट यापेक्षा बरं, कारण दोन्ही एकदम तुटल्याशिवाय ते नोंदच घेत नाही. या सेवेकडे दोन गेट तशी आहेत, दोन एकेरी. दुहेरी दोन शेवटच्या रेघेला आणि ६० मीटरवर लावून घ्या; एकेरी ३० ला चालतं.

ऊन हा मराठवाड्यातला खास त्रास. ग्राउंड दक्षिणोत्तर असेल तर किरण पूर्व-पश्चिम जातो आणि सकाळी सातचं सपाट ऊन थेट किरण पकडणाऱ्या काचेत शिरतं. मग गेट लाल दिवा दाखवतं किंवा कुणी न पळताच नोंद घेतं. उपाय सोपा आहे: सकाळी डोकं पूर्वेच्या बाजूला, तोंड पश्चिमेकडे, संध्याकाळी उलट. म्हणजे सूर्य त्याच्या पाठीशी राहतो. फाल्गुन-चैत्रात धूळ इतकी असते की दर वीस पळांनंतर परावर्तक कोरड्या फडक्याने पुसावा लागतो. ओलं फडकं लावलं की चिखलाचा पातळ थर बसतो. तिपाई वाऱ्याने हलते. तिच्या पायांत खताच्या रिकाम्या गोणीत माती भरून टाका. सेवेवाल्याकडे वजनं नाहीत, हे नोंदवतो. कुत्रं किंवा शेरडू आडवं गेलं तर नोंद जाते ती वेगळीच, म्हणून दोन्ही टोकांना एकेक पोरगं उभं ठेवा.

ग्राउंड कसं आहे हा प्रश्न सेवेवाला विचारतच नाही. विचारायला हवा, कारण चुकीच्या शंभर मीटरवर अचूक घड्याळ लावून उपयोग काय? पावलांनी मोजलेलं शंभर हे कधी ९७ असतं, कधी १०२. साडेअकराच्या वेगाने एक मीटर म्हणजे सुमारे ०.१२ सेकंद, तेव्हा टेप पोलादी घ्या. कापडी टेप ताणली की वाढते. उताराची मर्यादा विक्रमाच्या नियमांत हजारास एक आहे, म्हणजे शंभर मीटरला फक्त १० सेंटिमीटर. डोळ्याने एवढं दिसत नाही. गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी आणा, वीस-वीस मीटरचे टप्पे करा, अर्ध्या तासात खरं कळतं. मुरमाच्या ग्राउंडवर फक्कीची रेघ मारा. काळ्या मातीवर उन्हाळ्यात भेगा असतात आणि पावसात ती बुटाला धरते. तिथे काढलेली वेळ मुरमाशी किंवा सिंथेटिक ट्रॅकशी जोडू नका. शेवटच्या रेघेपुढे किमान २५ मीटर मोकळं हवं. पुढे बांध किंवा भिंत असेल तर पोरगा ९० वरच आखडता होतो आणि ती वेळ त्याची नसतेच.

वाऱ्याचंही तेच. विक्रमाला पाठीवरचा वारा सेकंदाला २.० मीटरपर्यंत चालतो. तेवढ्या वाऱ्याने अव्वल धावपटूला साधारण दशांश सेकंद मिळतो. या संचात वारामापक नाही. निदान तिपाईला लोकरीचा धागा बांधून दिशा लिहून ठेवा आणि दुपारनंतर वारा सुटला की शंभरच्या चाचण्या बंद करा.

आता या सेवेचा खरा उपयोग. नुसती शंभरची एक वेळ घ्यायला चार गेट कशाला? ३०, ६० आणि १०० वर लावली की पळ तीन तुकड्यांत कापली जाते. समजा दोन पोरं, दोघांची वेळ ११.९०. पहिल्याची नोंद ४.४५, ७.६२, ११.९०. दुसऱ्याची ४.३०, ७.४५, ११.९०. स्टॉपवॉचला दोघे सारखेच. पण दुसरा तीसला पंधरा शतांश पुढे आहे आणि शेवटच्या चाळीस मीटरला ४.४५ घेतो, जिथे पहिला ४.२८ मध्ये येतो. पहिल्याला १० ते ३० मीटरच्या सुट्या सुरुवाती आणि टायर ओढणं द्या. टायर इतकंच जड की त्याचा वेग दहा टक्क्यांपेक्षा जास्त पडू नये, नाहीतर तो पळायचं सोडून नांगर ओढायला लागतो. दुसऱ्याला १२० ते १५० मीटरच्या पळा द्या, मध्ये भरपूर विसावा देऊन. दोघांना एकच वर्कआउट देणाऱ्या अकॅडमीने ही सेवा बोलवून पैसे घालवू नयेत.

शेवटच्या तुकड्यात सगळेच मंदावतात, हे पोरांना आधी सांगा. ‘सर, मी शेवटी वाढवतो’ हा भ्रम आहे. बाकीचे जास्त मंदावतात म्हणून तो पुढे आलेला दिसतो. बर्लिनमध्ये १६ ऑगस्ट २००९ ला उसेन बोल्टने ९.५८ काढली तेव्हा ६० ते ८० मीटरला त्याला १.६१ सेकंद लागले आणि ८० ते १०० ला १.६६. तोही मंदावला.

सर्वांत कामाची चाचणी मात्र वेगळी आहे आणि सेवेवाल्याच्या यादीत ती तळाशी असते: धावत्या सुरुवातीचे २० मीटर. पोराने तीस-चाळीस मीटर वेग धरायचा आणि मग दोन गेटांमधले फक्त वीस मीटर मोजायचे. सुरुवात, शिट्टी, सगळं बाजूला. उरतो तो निव्वळ वेग. वीसला २.१० म्हणजे सेकंदाला ९.५२ मीटर. यंत्राच्या ११.५० च्या आत यायचं असेल तर हा आकडा दोन सेकंदांच्या आसपास यावा लागतो. तो २.२५ असेल तर सुरुवात कितीही सुधारा, साडेअकरा होणार नाहीत. वेगच कमी आहे. प्रत्येकाच्या दोन पळा घ्या, मध्ये चार-पाच मिनिटं. पूर्ण शंभरला दर दहा मीटरमागे एक मिनिट, म्हणजे दहा मिनिटं विसावा. गेटला कोण पळालं ते कळत नाही, त्यामुळे एका वेळी एकच पोरगा. चाळीस पोरांची धावती वीस आणि एक शंभर असं धरलं तर तीन तास हाताशी ठेवा. घाईत रांग लावून सलग पळवलं की तिसऱ्या पळीला मांडीची मागची शीर धरते.

हा निव्वळ वेग कशाने अडतो याचा विचार केल्याशिवाय त्याचा उपयोग करता येत नाही. पाय भराभर हलवले की वेग वाढतो असं वाटतं आणि म्हणून जागेवर गुडघे उचलायचे तास चालतात. धावण्याचा अभ्यास करणारे अमेरिकी संशोधक पीटर वेयांड आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये मंद आणि वेगवान धावपटू मोजले. त्यांच्या कमाल वेगात पावणेदोन पटींचा फरक होता, पण पाय हवेतून पुढे आणायला लागणारा वेळ जवळपास सारखाच निघाला. फरक पडतो तो पाय जमिनीवर असताना दिलेल्या जोराने. आणि तिथे वेळच नसतो: अव्वल धावपटूचा पाय पूर्ण वेगात सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी काळ टेकलेला असतो. त्याच गटाने २०१० मध्ये दाखवलं की एका पायावर उड्या मारत पळताना तोच पाय साध्या पळण्यापेक्षा ३० टक्के किंवा त्याहून जास्त जोर लावू शकतो. म्हणजे ताकद अंगात असते. ती लावायला तेवढा क्षण मिळत नाही. माणसाच्या वेगाची भिंत आहे ती इथे. आपल्या पोरांना याचा अर्थ एवढाच की नुसत्या बैठका मारून मांड्या जाड करण्यापेक्षा कमी वेळात जोर लावायचा सराव हवा. छोट्या उंचीच्या उड्या, आठवड्यातून दोनदा, एका वेळी साठ-सत्तर टेकण्यांपेक्षा जास्त नाहीत, मऊ मुरमावर. डांबरी रस्त्यावर त्या करू नका. नडगी दुखायला लागली की महिना जातो.

आता सेवेचा कागद. संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर प्रत्येकाचा रिपोर्ट येतो, रंगीत, दिसायला छान. त्यातल्या दोन गोष्टी पटल्या नाहीत. ‘टॉप स्पीड’ म्हणून जो आकडा दिलाय तो शंभर भागिले एकूण वेळ असा काढलेला आहे. ११.८० वाल्याला ताशी ३०.५ किलोमीटर लिहिलंय. ही त्याची सरासरी. त्याच्या शेजारी बोल्टचा ४४ छापलाय, तो मात्र खरा शिखरावरचा वेग. बोल्टची सरासरी ३७.६ होती. एकाची सरासरी आणि दुसऱ्याचं शिखर शेजारी ठेवून पोराला उगाच खचवायचं काय कारण? दोघांची धावत्या वीसची तुलना द्या की.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. शेवटच्या रकान्यात ‘तुमची मर्यादा’ म्हणून एक वेळ लिहिलेली असते. एकोणीस वर्षांच्या पोराला, दोन पळांवरून. साऱ्या मानवजातीची मर्यादा काढायलाही असं धाडस कुणी करत नाही. मार्क डेनी या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने २००८ मध्ये पुरुषांच्या शंभरची मर्यादा ९.४८ सांगितली, ती कित्येक दशकांच्या विक्रमांचा कल पाहून. १९६८ मध्ये मेक्सिकोच्या उंचीवर जिम हाइन्सने ९.९५ काढली, तिथून ९.५८ पर्यंत यायला ४१ वर्षं गेली. आणि ९.५८ च्या दिवशीसुद्धा सगळं काही जुळून आलेलं नव्हतं. बोल्टचा सुटण्याचा प्रतिसाद ०.१४६ होता, नियमाने ०.१०० पर्यंत चालतो, वारा ०.९ होता, २.० पर्यंत चालला असता. पाय तेवढेच पळाले असते तरी ९.५ च्या आत वेळ शक्य होती. मग परभणीच्या मुरमावर, चप्पल काढून अनवाणी पळालेल्या पोराची मर्यादा ११.७२ कुठून आली? भारतातलंच बघा: जुलै २०२५ मध्ये अनिमेष कुजूर ग्रीसमध्ये १०.१८ धावला, त्याच वर्षी मार्चमध्ये गुरिंदरवीर सिंगने १०.२० काढली होती, दोन्ही त्या-त्या वेळचे राष्ट्रीय विक्रम. लोकांनी मनात आखलेल्या रेघा चार महिन्यांत दोनदा सरकल्या. रिपोर्ट पोरांच्या हातात देण्याआधी सरांनी तो रकाना कापून टाकावा, किंवा सेवेवाल्याला सांगून काढून घ्यावा. सांगितल्यावर त्याने काढून दिला, हेही लिहायला हवं.

मोबाइलवर भागतं का? काही अंशी. बऱ्याच फोनमध्ये सेकंदाला २४० चित्रांचं स्लो मोशन असतं, म्हणजे दोन चित्रांत ०.००४ सेकंद. धावत्या वीससाठी ते पुरतं. फोन तिपाईवर, वीसच्या बरोबर मध्यावर, पळण्याच्या रेघेशी काटकोनात, पंधरा-वीस मीटर लांब. खुणेच्या काठ्या पोरगा ज्या रेघेवर पळतो तिच्या अगदी लगत रोवा. फोनच्या जवळ रोवल्या तर तिरप्या नजरेने अंतर चुकतं. मग कमर काठीशी आल्याची चित्रं मोजायची. एका पोरामागे पाच मिनिटं डोकं घालावं लागतं. दहा पोरांना ठीक. चाळीस पोरांना गेटच बरं. साध्या ३० चित्रांच्या व्हिडिओवर मात्र हे करू नका. तिथे एका चित्राचाच ०.०३३ सेकंद होतो.

पाचपैकी गुण द्यायचे तर यंत्राला साडेचार, मांडणीला तीन, रिपोर्टला दोन. बोलवायची वेळ भरतीच्या आठ-दहा आठवडे आधीची, आणि परत एकदा तीन आठवडे आधी. आदल्या आठवड्यात बोलवून हातात फक्त काळजी येते. सकाळी साडेसहाची वेळ मागून घ्या. एप्रिल-मेमध्ये नऊनंतरची दिली तर नको म्हणा. तोपर्यंत मुरूम तापतो, पोरं दोन पळांत गळतात, आणि भाडं मात्र पूर्ण दिवसाचं लागतं.